दीड इंच

पालघरच्या बाजारात उभं राहून लोकरीचं कापड मागितलं, तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग डोक्यावरच्या पंख्याकडे. माझा हा अनुभव ऐन जानेवारीतला आहे. आमच्याकडे थंडी पाहुणीसारखी येते. संक्रांतीच्या सुमाराला उतरते, चार दिवस राहते, हातावर तिळगूळ घेते आणि जाते. बाकी वर्षभर समुद्रावरचा दमट वारा आणि पाठीला चिकटणारं सुती कापड. घरात स्वेटर असलाच तर तो कुणाच्या तरी माथेरानच्या सहलीपुरता असतो आणि वर्षातले तीनशे साठ दिवस त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो.

अशा गावात मी ट्वीड शोधत हिंडत होते. माझ्या लेकीला नोकरी लागली होती, नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात. नरोरा उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठी. आमच्या बोईसर-तारापूर भागात हे नाव परकं नाही. तारापूरचं केंद्र 1969 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून इथल्या वसाहतीतली माणसं रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा अशी नावं माहेर-सासर सांगावं तितक्या सहज सांगतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. लेकीनं मोबाईलवरून एक फुगीर काळं जाकीट मागवलं, ते आलं, तिनं घालून पाहिलं आणि पेटीत टाकलं. झालं. तिच्या लेखी थंडीचा प्रश्न मिटला होता.

मी मात्र कोट शिवायचा ठरवला. का, ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं, आणि ती गोष्ट माझ्या कौतुकाची नाही.

मी शिक्षणानं मॅट्रिक. दहावी म्हणतात हल्ली. पण आमचे आजोबा मॅट्रिक म्हणत आणि तो शब्द उच्चारताना ताठ बसत, म्हणून मीही तोच वापरते. दिवसा बालवाडीच्या पोरांना शिकवते आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर कादंबऱ्या लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझी दुसरी कादंबरी आली. तीत एक मुलगी आहे. बारावीत गणितात नापास होते, घरी येत नाही, रात्री अकरापर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहते आणि शेवटी बाप तिला शोधून आणतो. मी मुलीचं नाव बदललं होतं, बोईसरचं केळवे रोड केलं होतं, बापाला मिशा लावल्या होत्या. आमच्या ह्यांना मिशा नाहीत. एवढ्यानं कुणी फसत नाही, निदान पालघरात तरी नाही. लेकीच्या मैत्रिणींनी पुस्तक वाचलं, त्यांच्या आयांनी वाचलं, आणि एक दिवस तिनं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून एवढंच म्हटलं, "मला विचारलं का नाहीस?"

याला उत्तर नव्हतं. असतं तर मी ते सुचलं तेव्हाच कादंबरीत घातलं असतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली असं नाही. "डबा झाला का", "येते", "चावी कुठंय". भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान वाक्यं लांब असतात. ती पुढं शिकली, उत्तम गुणांनी पास झाली, नोकरी मिळवली. आणि हे सगळं मला ह्यांच्याकडून कळत गेलं. आता ती हजार मैलांवर चालली होती. मला दुसरं काही देता येण्याजोगं नव्हतं. शिवता येत होतं.

कोट म्हटल्यावर जाड कापड घ्यावं, अशी माझी समजूत. ती मोडली वसाहतीतल्या एका बाईंनी, ज्या नरोऱ्याला सात वर्षं राहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला जाकीट आहेच की तिचं. तिची पंचाईत होणार आहे ती पुढं. फेब्रुवारीत सकाळी धुकं असतं, बोटं वाकत नाहीत. दुपारी ऊन चढलं की तेच जाकीट नकोसं होतं. होळीपर्यंत हे असंच. तेव्हा हलकं लोकरीचं काहीतरी हवं." इंग्रज लोक ज्याला वसंतातलं ट्वीड म्हणतात ते हेच असावं. आपला पंचांगातला वसंत चैत्रात येतो आणि तोवर पालघरात घामाच्या धारा लागलेल्या असतात. तिकडे गंगेकाठी त्याची चाहूल माघातच लागते, पण पहाटे अजून दात वाजत असतात. या मधल्या सहा आठवड्यांसाठी मला कापड हवं होतं.

पहिली फसगत बोईसरला झाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सूटिंगचं कापड विणणाऱ्या गिरण्या आहेत, आणि त्यामुळे बोईसरला कटपीसची दुकानं बरी चालतात. दुकानाचं नाव सांगत नाही. चूक निम्मी माझी होती. करड्या रंगाचा, बारीक चौकडीचा तुकडा होता, अडीच मीटर. त्याच्या किनारीवर सोनेरी अक्षरांत 'सुपर 120' असं विणलेलं. दुकानदार म्हणाला, "बाई, प्युअर आहे." काय प्युअर आहे, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो आकडा मेंढीच्या लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो. जितका आकडा मोठा तितका तंतू बारीक. कापडात लोकरच नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पण सोनेरी अक्षरं दिसली की मॅट्रिक झालेली बाईसुद्धा अडाणी होते.

घरी आणून तुकडा सासूबाईंसमोर ठेवला. सासूबाई माणदेशातल्या. सासरे साठाच्या दशकात, तारापूरचं केंद्र बांधायला काढलं तेव्हा, गवंड्याच्या हाताखाली म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. येताना त्यांनी जे बोचकं आणलं, त्यातलं एक घोंगडं अजून आमच्या घरात आहे. सासूबाईंनी कापड दोन बोटांत चोळलं, मुठीत घट्ट आवळलं, सोडलं, आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घोंगड्यावर पाण्याचा थेंब टाक आणि ह्याच्यावर टाक." टाकला. घोंगड्यावरचा थेंब मोत्यासारखा बसून राहिला. कापडावरचा पसरला.

"मेंढीनं हे कापड पाहिलं पण नसंल," सासूबाई म्हणाल्या.

माझं समाधान होईना. काठाचे दोन-चार धागे उसवून काडी लावून पाहिली. ही परीक्षा आमच्या आईनं शिकवलेली, आणि ज्यांना घरी शिवायची हौस आहे त्यांनी ती लक्षात ठेवावी. लोकर जळायला कुरकुरते. ज्योत काढली की आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागं उरलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. सूत किंवा व्हिस्कोज कागदासारखं भुरुभुरु जळतं, करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. माझ्या बशीत मणी झाला. चांगला काळाभोर, मंगळसूत्रात ओवता येईल असा.

घोंगड्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण मला वाटतं आपण लोकरीला उगाच परदेशी समजतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड. मेरिनोच्या मऊपणाशी तिची तुलना नको. धनगर मेंढ्या कातरतात, त्यांच्या बायका लोकर पिंजून कातून देतात, सणगर ती खड्ड्याच्या मागावर विणतो आणि वर चिंचोक्याची खळ देऊन कापड ताठ करतो. पावसात ते पांघरून मेंढपाळ रानात उभा राहतो. अंगाला टोचतं खरं. पण सासरे म्हणत, टोचतं म्हणून रात्री राखण करताना झोप लागत नाही. आणि गंमत पाहा, ज्या हॅरिस ट्वीडची जगभर मिजास आहे, त्याचीही अट अशीच आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, तिथल्या रहिवाशानं आपल्या घरी, हातमागावरच ते विणलं पाहिजे. तसा 1993 साली कायदाच झाला आहे. तिकडे घरी विणण्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. आमच्याकडे सणगराचा मुलगा रिक्षा चालवतो.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर डहाणू लोकल पकडली आणि मुंबईला गेले. 2013 साली ही लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून मुंबई जवळ आली म्हणतात. कमरेला विचाराल तर ती निराळं सांगेल. मरीन लाइन्सला उतरून मूळजी जेठा मार्केट गाठलं. तिथल्या गल्ल्यांत एका लहान दुकानात, गादीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ होते. मी म्हटलं, "हलकं ट्वीड हवंय, मुलीच्या कोटाला. आणि आधी सांगते, मी काडी लावून बघणार आहे." ते हसले आणि त्यांनी स्वतःच काड्यापेटी पुढं केली.

त्यांनी मला तासाभरात जे शिकवलं ते बालवाडीच्या दोन वर्षांत मी पोरांना शिकवत नाही. म्हणाले, लोकरीच्या कापडाच्या दोन जाती. एकीत लोकर नुसती पिंजतात, आखूड-लांब सगळे तंतू तसेच ठेवून कातता. सूत जाडसर, लवदार, हवा धरून ठेवणारं. ट्वीड या जातीचं. दुसरीत लोकर फणीनं विंचरतात, आखूड तंतू काढून टाकतात, उरलेले सरळ लांब तंतू घट्ट पिळतात, ते वूर्स्टेड. त्याचं सूट होतात, गुळगुळीत, इस्त्रीची घडी धरणारे. ठाण्याला 1925 साली लोकरीची गिरणी निघाली आणि पुढं रेमंडच्या नावानं तिचं कापड देशभर पोचलं. आता ती ठाण्याची गिरणी बंद आहे. "घाम येणाऱ्या गावात लोकरीची गिरणी," ते म्हणाले, "म्हणजे ज्याला खायला मिळत नाही त्यानं मिठाई करावी तसं." मग त्यांनी ट्वीड या नावाची गोष्ट सांगितली. स्कॉच लोक तिरप्या विणीला 'ट्वील' म्हणत. 1830 च्या सुमाराला लंडनच्या एका व्यापाऱ्यानं पत्रातलं ते अक्षर चुकीचं वाचलं, त्याला वाटलं ट्वीड नदीवरून नाव पडलंय, आणि तेच रूढ झालं, असं सांगतात. मुद्रणदोषांनी माझीही पुस्तकं भरलेली असतात. एकानंही अजून नाव काढलेलं नाही.

त्यांनी कापडं उलगडली. एक हिरवं होतं, अतिशय सुरेख, पण जड, ओव्हरकोटाचं. असं कापड घरच्या मशीनवर चार थर झाले की सुई मोडतं. एक हलकं होतं पण उजेडापुढं धरल्यावर त्याची वीण विरळ दिसली. कोपरावर महिनाभरात झोळ आला असता. तिसरं राखाडी-तपकिरी, त्यात मधूनच एक निळा ठिपका, माशाच्या काट्यासारखी वीण. मुठीत आवळलं, सोडलं. हळूहळू उमलून सपाट झालं. काडी लावली. केसांचा वास. मीटरला बाराशे रुपये. माझ्या त्या कादंबरीचं मानधन नेमकं किती मीटरचं होतं, याचा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला, आणि सव्वादोन मीटर घेतलं. पन्हा दुहेरी, सुमारे 58 इंच; कोटाला पुरतं आणि काटे जुळवायला थोडं उरतं.

परतीच्या लोकलमध्ये समोर सातपाटीच्या दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकीनं पिशवीतून डोकावणारं कापड बोटानं उचललं. "कशाला गं घेतलास एवढा जाड?" मी सांगितलं. तिनं वीण निरखली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, हा तर काटाच. पापलेटचा नाय, बोयटाचा." इंग्रज त्याला हेरिंग माशाचा काटा म्हणतात. ज्याच्या किनाऱ्याला जो मासा.

आता शिवण. लोकरीचं कापड आणलं आणि कापलं, असं करू नये. ते आधी आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुक्यात कोट चोळीएवढा होतो. मी जुनी चादर ओली करून पिळली, त्यात कापड गुंडाळून रात्रभर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सावलीत, जमिनीवर, न ताणता वाळवलं. इस्त्री फिरवायची नाही. ओलं फडकं ठेवून दाबायची, उचलायची, पुन्हा दाबायची. फिरवली की लव मरते आणि कापड चकाकू लागतं. सगळे भाग एकाच दिशेनं बेतायचे, नाहीतर एक बाही उजळ आणि एक काळी दिसते. प्लेटा, चुण्या यांच्या नादी लागायचं नाही. ट्वीडला कमी शिवण शोभते. आईच्या पायमशीनवर 16 नंबरची सुई लावून रात्री साडेदहानंतर मी बसत असे. आत साटीनचं अस्तर, गडद निळं, त्या ठिपक्याच्या रंगाचं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. माप घेतलं नाही. टेप गळ्यात अडकवून तिच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती, तरी मी परत आले. कपाटात तिचा कॉलेजचा एक जुना शर्ट होता, त्याच्यावरून माप काढलं आणि अंदाजानं चार बोटं वाढवली. लेकीचं अंग आईला ठाऊक असतं, असं मी स्वतःला म्हटलं.

जायच्या आदल्या रात्री कोट तिच्या पलंगावर ठेवला. सकाळी तो पेटीत होता, व्यवस्थित घडी केलेला, बाह्या आत. तिनं काही म्हटलं नाही. स्टेशनवर ह्यांनी पेटी चढवली, मी लाडू दिले, तिनं वाकून नमस्कार केला, गाडी सुटली. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "घडी नीट घातली होती नव्हं? मग झालं."

दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी, बालवाडीत पोरं प्रार्थनेला डोळे मिटून उभी असताना, माझा मोबाईल वाजला. छायाचित्र होतं: धुक्यातलं एक फाटक, आणि त्यापुढं लांब केलेला एक हात. ट्वीडची बाही मनगटाच्या बरीच वर थांबलेली. खाली लिहिलं होतं, "आई, बाही दीड इंच आखूड आहे. हे माप अकरावीतलं आहे. हात वाकवला की कोपरापर्यंत वारा जातो."

मी ते तीनदा वाचलं. पोरांनी डोळे उघडले होते आणि माझ्याकडे बघत होती.

चूक माझीच. कोटाच्या बाहीचं माप हात कोपरात वाकवून घ्यायचं असतं, आणि ते माणसाच्या हातावरून घ्यायचं असतं, शर्टावरून नाही. मी आत एक इंच दाब सोडला होता. तो सगळा उसवला तरी अर्धा इंच कमी पडणार, आणि काठ मुडपायला काही उरणार नाही. तेव्हा वेगळी पट्टी जोडून उलटी घडी घालणं एवढाच मार्ग होता. उरलेला तुकडा मी टाकला नव्हता. वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांत, कसर लागू नये म्हणून, घोंगड्याशेजारी ठेवला होता. दुपारी घरी येऊन तो काढला, मोजला. दोन्ही बाह्यांना पुरत होता, पण काटे उभे ठेवले तर मध्ये सांधा येत होता, आणि आडवे ठेवले तर बाहीच्या काट्यांशी जुळत नव्हते.

कात्री हातात घेतली होती. ती खाली ठेवली आणि मोबाईल उचलला. "होळीला येशील तेव्हा कोट घेऊन ये," असं लिहिलं, मग पुढं लिहिलं, "पट्टी लावावी लागेल. काटे उभे ठेवू की आडवे? उभ्यात सांधा दिसेल, आडव्यात वीण वेगळी दिसेल."

उत्तर रात्री आलं, तिची पाळी संपल्यावर.

"आडवे. दिसू दे वेगळं. आणि खिसे खोल कर, बोटं बाहेर राहतात. आणि इथं सगळ्या विचारतायत कापड कुठलं, काय सांगू?"